पळी पळी तेल : गिरणाकाठच्या एका शिवालयाचं प्रकरण

ठराव आधीच लिहून झाला होता. 'श्री महादेव मंदिर जीर्ण व धोकादायक झाले असल्याने ते पूर्णपणे काढून त्याच जागी आरसीसी मंदिर व सभामंडप बांधण्यात यावा.' सह्या तेवढ्या बाकी होत्या. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई ओळखीची आहे, तिच्याकडून 'देऊळ फार जुनं नाही' एवढं लेखी घेऊन ठेवावं, म्हणजे पुढे कोणी अर्ज-तक्रार करायला नको, म्हणून देवस्थान समितीने मला बोलावलं होतं. चहा झाला, कोरा कागद पुढे आला, आणि मी म्हटलं, आधी देऊळ बघू.

गाव चाळीसगाव-भडगावच्या पट्ट्यातलं, गिरणेच्या काठचं. नाव लिहीत नाही. इथे जे घडलं ते खानदेशातल्या कितीतरी गावांत घडून गेलंय आणि तिथे ठरावावर सह्याही झाल्यात.

देऊळ लहान. पूर्वेला तोंड, मंडप, मंडप आणि गाभारा जोडणारं चिंचोळं अंतराळ, दोन पायऱ्या उतरून गाभारा. मंडपाच्या छतात चौकोनावर चौकोन तिरपा फिरवत वर नेलेला. उंबऱ्यावर कीर्तिमुख, त्याच्या डोळ्यांत लाल रंग भरलेला. दगडी शिखर कधीच गेलं असावं. वर आहे तो विटा-चुन्याचा घुमट, बऱ्याच नंतरचा. गावात सगळे 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री पंडित यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चाळीसगावजवळच्या पाटणच्या महेश्वर मंदिराचा लेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा, हेमाडपंत तेव्हा जन्मायचा होता. पण चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं दिसलं की आपल्याकडे ते हेमाडपंती, आणि त्या शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही हे मी फार पूर्वी शिकले. उलट तो शब्द कामाला येतो. 'हेमाडपंती' म्हटलं की माणसं जरा तरी थबकतात.

ओल कुठून आली

समितीची तक्रार खोटी नव्हती. गाभाऱ्यात ओल होती. भिंतींवर कमरेपर्यंत ऑइल पेंटचे फुगे आलेले, बोट लावलं की पापुद्रा सुटून खाली पडायचा आणि आत मिठासारखी पांढरी भुकटी. मंडपातल्या एका तुळईला मधोमध तडा. एका इंजिनिअरने पाच मिनिटं बघून 'धोकादायक' म्हटलं होतं, त्याच शब्दावर ठराव उभा होता.

अध्यक्षांना गाव आबा म्हणतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "दगड कुजी गया, मॅडम. किती खर्च करवा त्यावर?"

खर्च खरोखर झाला होता. मी एका कागदावर तो क्रमाने लिहून काढला, आणि या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र तेच ठरलं. आधी अंगणात मुरूम टाकला. मग शहाबादी फरशी. मग तीवर पेव्हर ब्लॉक. भिंतींना आतून-बाहेरून ऑइल पेंट, दर काही वर्षांनी नवा हात. गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, प्रत्येक रांगेत कोणाच्या तरी स्मरणार्थ. घुमटाला सिमेंटचा थर. प्रत्येक वेळी कारण एकच दिलेलं, ओल येते.

म्हणजे ओल थांबावी म्हणून जे जे केलं, त्यानंतर ओल वाढली. हे कागदावर ओळीने दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला आधी घुमटच गळतोय असं वाटत होतं.

उलगडा झाला तो एका म्हाताऱ्या जिजींमुळे. त्या रोज सकाळी बेल वाहायला येतात. मी उत्तरेच्या भिंतीशी टेप धरून बसले होते. जिजी काठी टेकत आल्या आणि पेव्हर ब्लॉकवर काठी आपटून म्हणाल्या, "आठे गोमुख व्हतं. पानी आठेच पडे."

शंकराच्या देवळात अभिषेकाचं पाणी उत्तरेकडच्या पन्हळीतून बाहेर पडतं. ही पन्हळ भिंतीच्या आरपार कोरलेली असते आणि बाहेर तिचं तोंड मकराचं किंवा गाईचं. सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीला पिंडीवर गळती, म्हणजे तळाला भोक असलेलं पाण्याचं भांडं, टांगलेली असते, चोवीस तास धार. ते पाणी जाणार कुठे? पूर्वी गोमुखातून अंगणात, तिथून उतारावर. अंगण थरावर थर चढत दीडेक फूट वर आलं तेव्हा गोमुख गाडलं गेलं. मग त्या भोकातून उंदीर यायला लागले म्हणून आतल्या बाजूने कोणीतरी सिमेंटचा गोळा बसवला. तेव्हापासून गुरवबाबा फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळत होते, आणि जे टिपलं जात नव्हतं ते टाइल्सच्या सांध्यांतून जोत्यात मुरत होतं. वर्षानुवर्षं.

पुढचं काम ऑइल पेंटचं. काळा बेसाल्ट तसा घट्ट दगड, पण त्यालाही सूक्ष्म छिद्रं असतात आणि दोन दगडांच्या मधल्या सांध्यांत हवा खेळते. जोत्यातून चढलेली ओल एरवी त्या वाटेने सुकून जाते. दोन्ही बाजूंनी रंगाचं कातडं चढवलं की ती वाट बंद. पाणी वर चढत राहतं, सोबत क्षार आणतं, आणि रंगामागे साठून पापुद्रा उचकटतं. लोकांना दिसतो तो उडालेला रंग. मग नवा डबा आणतात. घुमटावरच्या सिमेंटची तीच गत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा कुठे जातो ते सांगायला नको. सिमेंट तडकतं, पावसाचं पाणी तड्यातून आत जातं आणि खालच्या चुन्या-विटांत अडकून बसतं.

दगड कुजत नाही, आबा, मी म्हटलं. आपण त्याला वाळूच दिलं नाही.

आबांना हे पटलं नाही. "देव आम्हना शे, रंग बी आम्ही देसूत," ते म्हणाले. "तुम्हले काय तरास शे?" त्यांच्या बाजूने मी पुष्कळ विचार केला आहे. या माणसांनी पंधरा-वीस वर्षं स्वतःचा पैसा आणि दिवस देवळाला दिले होते. त्यांना मी, बाहेरून आलेली बाई, सांगत होते की तुमच्या सेवेनेच देऊळ आजारी पडलं. असं सांगायची रीत असते, आणि पहिल्या बैठकीत मला ती साधली नाही.

संरक्षित नको

दुसऱ्या बैठकीत मी मोठी चूक केली. देऊळ राज्य संरक्षित व्हावं यासाठी अर्ज करू, असं सुचवलं. देऊळ कुठल्याच यादीत नव्हतं. ना केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली, ना महाराष्ट्राच्या १९६० च्या. मालकी सार्वजनिक न्यासाकडे, आणि न्यास म्हणजे हीच समिती.

सभा उठलीच. कारण सगळ्यांना एक आकडा पाठ होता, शंभर मीटर. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे २०१० च्या दुरुस्तीने पक्कं झालं. मी सांगत राहिले की हा नियम केंद्राच्या स्मारकांचा आहे, राज्याचा कायदा वेगळा आहे. कोण ऐकतो. देवळाच्या भिंतीपासून वीस फुटांवर लोकांची घरं आहेत. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि वर एक खोली चढवायची आहे. त्या माणसाला 'वारसा' हा शब्द म्हणजे त्याच्या खोलीवर आलेली नोटीस वाटते, आणि तो वेडा नाही.

शिवाय दुसऱ्या पारड्यात निधी होता. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की सभामंडपाला पैसे येतात, पेव्हर ब्लॉकला येतात, कमानीला येतात. गोमुख उघडायला येत नाहीत. अंदाजपत्रकात तसं कलमच नसतं.

मी संरक्षणाची मागणी सोडली. या क्षेत्रातल्या माझ्या काही मित्रांना ती माघार वाटते. असेल. ज्यांच्या हातात झाडू आहे त्यांनाच देवळापासून तोडलं तर यादीतला क्रमांक रोज सकाळी गाभारा झाडायला येणार नाही, एवढं मला कळत होतं.

एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. ठराव महाशिवरात्रीपर्यंत तहकूब. तुळईच्या तड्यावर आम्ही काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवली आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली. तडा हलला तर काच तडकते, इतकं साधं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पट्टी लावली. शाळेची पोरं येता-जाता बघून जायची. देऊळ पडणार की नाही यावर पोरांमध्ये पैजा लागल्या होत्या असं नंतर कळलं.

पाटणची फेरी

नवरात्रात समितीची मंडळी दरवर्षी पाटणादेवीला जातात. त्या वर्षी त्यांच्या क्रुझरमध्ये मीही बसले. पाटण चाळीसगावच्या नैऋत्येला, सातमाळ्याच्या कुशीत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या झाडीत. दर्शन झाल्यावर मी सगळ्यांना शिलालेखाची गोष्ट सांगितली. ती इथे सविस्तर सांगते, कारण आमचं प्रकरण तिथून वळलं.

पाटणला एकेकाळी मठ होता. यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तो काढला. प्रदेशावर यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याचा अंमल होता. त्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं, त्याचा भाऊ हेमाडिदेवाचंही नाव लेखात आहे. दान शके ११२८ चं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. मठाची इमारत आज दाखवता येत नाही. गणित शिकायला आलेली पोरं कुठल्या ओसरीवर बसत होती, काही खूण नाही. लेख राहिला.

गंमत त्याच्या भाषेत आहे. राजांची वंशावळ, भास्कराचार्यांच्या घराण्याची स्तुती, सगळं संस्कृत श्लोकांत. शेवटी मठाचा खर्च कशातून चालायचा हा भाग येतो आणि लेख चक्क मराठीत उतरतो. पैसे ज्यांनी द्यायचे त्यांना कळायला हवं ना. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर राजाला जो वाटा मिळायचा तो 'मढा दीन्हला', मठाला दिला. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी 'पली पली तेला' द्यावं. आणि इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं.

'दीन्हला' ऐकल्यावर गाडीचा ड्रायव्हर हसला. "हाई ते आपली अहिराणी शे!" दिन्हा, दिन्ही आम्ही आजही म्हणतो. भाषेचे अभ्यासक यावर काय म्हणतील ते म्हणोत, त्या क्षणी आठशे वर्षांपूर्वीचा दगड त्या क्रुझरमध्ये येऊन बसला.

आबा गप्प होते. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "पळीभर तेलात मठ चालायचा?"

एका पळीत नाही, म्हटलं. पण रोजच्या पळीत.

त्यांचा दुसरा प्रश्न टाइल्सचा होता. देणगीदारांची नावं टाइल्सवर आहेत, त्या काढल्या तर लोकांना काय सांगायचं? हा प्रश्न मी हसण्यावारी नेला असता, पण पाटणच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथलं बौद्ध भिक्षूंचं वसतिस्थान इसवी सनापूर्वीचं. चैत्यगृहाच्या खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. पैठणचा मितदेव, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातला. राजवैद्य मगिल याच्या घरच्या मंडळींचीही नावं तिथल्या लेखांत येतात. दान दिलं की नाव लागतं, ही रीत दोन हजार वर्षांची आहे आणि ती मोडायला निघालेली मी कोण. त्याच लेण्यांत डोंगरातून झिरपणारं पाणी बाहेर काढायला खडकात पन्हळी कोरल्या आहेत. तरी पुढचा दर्शनी भाग कोसळलाच, तिथला खडक तसा आहे. पण पाण्याला वाट लागते हे त्या कारागिरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चाळीसगावजवळच्या वाघळीचंही उदाहरण मी गाडीत दिलं होतं. तिथला शके ९९१ चा लेख शिवमंदिराचा, आणि तो मिळाला महानुभावांच्या कृष्णमंदिरात. पंथ बदलला, देव बदलला, दिवा चालू राहिला, म्हणून दगडही राहिले. त्यावर कोणी फारसं बोललं नाही. भूक लागली होती.

काम

महाशिवरात्रीला काच शाबूत होती. सगळ्या गावासमोर पाहिली. पाडकामाचा ठराव रद्द झाला असं मी म्हणणार नाही; तो वहीत अजून आहे, फक्त सह्या झाल्या नाहीत. सभामंडप व्हायचा तो झाला, पण देवळापासून बाजूला, स्वतःच्या खांबांवर, देवळाच्या भिंतीला कुठेही न टेकता. पाया खणायला जेसीबी आणायचं घाटत होतं. कोरड्या रचाईचं देऊळ केवळ वजनावर उभं असतं, त्याच्या शेजारी यंत्राचे हादरे नकोत, यावर मी अडून बसले. खड्डे टिकाव-फावड्याने झाले. मजुरी जास्त लागली आणि ती मला बरेच दिवस ऐकवली गेली.

उत्तरेचे पेव्हर ब्लॉक उचलले, फरशी काढली, मुरूम उपसला. गोमुख सापडलं त्या दुपारी जिजींना खुर्ची आणून बसवलं होतं. मातीत रुतलेला गाईचा जबडा, एक कान तुटलेला. आतला सिमेंटचा गोळा छिन्नीने फोडायला गुरवबाबांचा मुलगा दोन तास पालथा पडून होता. मग त्याने तांब्याभर पाणी पिंडीवर ओतलं. बाहेर काही आलं नाही. दुसरा तांब्या. आधी काळं, केसांसारख्या मुळ्यांनी भरलेलं पाणी आलं, मग धार लागली. जिजींनी ओंजळ पुढे केली. ते पाणी घेऊ नका म्हणून मी ओरडले, त्यांनी डोळ्यांना लावलंसुद्धा.

गाभाऱ्यातल्या टाइल्स निघाल्या. खालची दगडी फरशी जशीच्या तशी होती, पन्हळीकडे हलका उतार दिलेली. घुमटावरचं सिमेंट काढून चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, वापरून कोबा केला. चुना मळून मुरवणारा गवंडी शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला; शेवटी विहिरी बांधणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी ते अंगावर घेतलं. घुमटातला पिंपळ उपटला नाही. उपटला की मुळासोबत विटा येतात. बुंधा कापून, मुळात औषध घालून तो मरू दिला आणि मग पोकळी चुन्याने भरली.

ऑइल पेंट मात्र बराचसा तसाच आहे. रिमूव्हर लावून, मऊ ब्रशने, पाण्याने, एक वीतभर जागा साफ करायला अख्खी सकाळ गेली. जाणकार हातांशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं, फक्त आता नवा हात द्यायचा नाही. हे ठरायच्या आधी एका उत्साही भक्ताने दाराच्या डाव्या शाखेवर, म्हणजे चौकटीच्या उभ्या कोरीव पट्टीवर, तार-ब्रश आणि अ‍ॅसिड मारलं होतं. तिथल्या द्वारपालाला आता चेहरा नाही. माझ्याकडे त्याचा आधीचा फोटो आहे, रंगाने थापलेला, त्यातही नाक-डोळे नीट दिसत नाहीत. म्हणजे तो चेहरा आम्ही कोणी पाहिलाच नाही.

देणगीदारांची नावं सभामंडपाच्या भिंतीवर गेली, टाइल्सवर होती त्याच क्रमाने. त्याखाली आबांनी स्वतः एक वही लटकवली. पावसाआधी घुमटावरचं गवत काढणं, दर अमावास्येला पन्हळीत काठी फिरवणं, दिव्याचं तेल, एवढीच कामं तिच्यात आणि पुढे नाव. पहिल्या पानावर तेलाच्या रकान्यात गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याने 'दर सोमवार, पाव किलो' लिहिलंय. घाणा आता गावात नाही. त्याच्या नावापुढे आबांनी कंसात 'दिन्हं' लिहिलं.

पुढच्या श्रावणात मी गेले तेव्हा गाभाऱ्याची भिंत कमरेपर्यंत कोरडी होती, फुगे बसले होते. गळतीची धार गोमुखातून बाहेर पडत होती आणि खाली एका बाईमाणसाने तुळशीचं रोप लावलं होतं. गोमुख लांबूनच चमकलं. जवळ गेले. कोणीतरी मनापासून, तुटका कानसुद्धा न चुकवता, ते सोनेरी ऑइल पेंटने रंगवलं होतं.